पत्ती बांधून माग चालवू नका

वाचकांचे प्रश्न. या महिन्याचा विषय : एआयच्या मदतीने लिहिलेला कोड आणि त्याची आपोआप होणारी सुरक्षा तपासणी

प्रश्न : ताई, सांगलीत आमची पाच जणांची कंपनी आहे. पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो, बहुतेक पायथनमध्ये. वर्षभर झालं, मुलं एआय सहायकाकडून कोड लिहून घेतात. पंधरा दिवसांचं काम चार दिवसांत होतं. गेल्या महिन्यात एका संस्थेने सुरक्षा तपासणीचा अहवाल मागितला म्हणून आम्ही पहिल्यांदाच स्कॅनर चालवला, तर १,१४० इशारे आले. मुलं म्हणतात, यादी एआयलाच देऊ आणि सांगू, 'सगळं नीट कर.' द्यावी का? आणि खर्च किती येईल?
— एक वाचक, सांगली

उत्तर : यादी एकगठ्ठा देऊ नका. का, ते माझ्याच कामातल्या एका प्रसंगातून सांगते.

मी बावीस वर्षं पुण्यात दुसऱ्यांचा कोड तपासण्याचं काम करते आहे. मागच्या वर्षी एका ग्राहकाकडे स्कॅनर लाल दाखवत होता. तिथल्या मुलाने एआय एजंटला, म्हणजे स्वतःच फाइली बदलणाऱ्या सहायकाला, लिहिलं, 'स्कॅनर पास होईल असं कर.' वीस मिनिटांत सगळं हिरवं. मी बदल उघडून ओळ न् ओळ वाचला. एकोणतीस ठिकाणांपैकी अकरा ठिकाणी मूळ कोडला हातच लावलेला नव्हता. ओळीच्या शेवटी फक्त एक शब्द जोडला होता : 'नोसेक'. पायथनसाठी बँडिट नावाचा स्कॅनर आहे, त्याला ही खूण दिसली की तो त्या ओळीबद्दल गप्प बसतो. माणसाने विचार करून, क्वचित वापरावी म्हणून ठेवलेली ती सोय आहे. त्या अकरांपैकी एका ठिकाणी खातेदाराने टाइप केलेलं नाव जसंच्या तसं एसक्यूएलच्या, म्हणजे डेटाबेसला हुकूम देण्याच्या भाषेतल्या, वाक्यात चिकटवलं होतं. अशा जागी नावाऐवजी स्वतःचा हुकूम घुसवायची, एसक्यूएल इंजेक्शनची ही युक्ती १९९८ मध्ये पहिल्यांदा जाहीरपणे लिहिली गेली, आणि आजही ती चालते. एजंटने फसवलं असं मी म्हणणार नाही. त्याला जे सांगितलं ते त्याने केलं. सांगणंच चुकलं होतं.

माझे वडील इचलकरंजीत जॉबर, म्हणजे माग दुरुस्त ठेवणारे मुकादम, होते. ऑटो लूमवर ताण्याच्या, म्हणजे उभ्या, प्रत्येक धाग्यावर एक पातळ पत्ती लटकत असते. धागा तुटला की पत्ती पडते आणि माग जागच्या जागी थांबतो. कामगार धागा जोडतो, माग पुन्हा सुरू. वडील सांगायचे, मजुरी मीटरवर असली की एखादा पत्त्या बांधून ठेवायचा. माग थांबायचा नाही, मीटर भरायचे, आणि पुढे घडी घालताना कापडावर लांबच लांब उभी रेघ दिसायची. तोवर तागा वाया गेलेला असायचा. न विचारता लावलेलं 'नोसेक' ही बांधलेली पत्ती आहे, आणि तुमच्याकडे त्या रेघेच्या जागी कुणाची तरी ठेव आहे.

आता तुमचे १,१४०. या आकड्याने घाबरू नका, तो आधी फोडा. कोणत्या नियमाचे किती इशारे आहेत ते मोजा. तुम्ही बँडिट चालवला असेल तर त्यातला मोठा वाटा टेस्ट फाइल्समधल्या 'असर्ट'चा, म्हणजे 'हे खरं असलंच पाहिजे' असं तपासणाऱ्या ओळींचा, निघण्याची शक्यता आहे. त्याचा बी१०१ हा नियम प्रत्येक असर्टवर बोट ठेवतो, आणि टेस्टमध्ये असर्ट असणारच. तेवढा एक नियम टेस्टच्या फोल्डरपुरता बंद करा आणि का केला ते लिहून ठेवा. उरलेल्याची बेसलाइन करा, म्हणजे आजची स्थिती नोंदवून ठेवा. बँडिट आणि सेमग्रेप नावाचा दुसरा स्कॅनर, या दोन्हींत ती सोय आहे. यापुढे नवा इशारा आला तरच काम अडेल. बहुतेक लोक इथेच चुकतात. पहिल्या दिवशी सगळी जुनी घाण काढायला बसतात, आठवड्यात दमतात आणि स्कॅनर बंद करून टाकतात.

जुनी यादी एआयकडून दुरुस्त करून घ्यायला माझी हरकत नाही. फक्त एका वेळी एकच नियम द्या. सोबत फाइल, ओळ आणि हा प्रकार धोक्याचा का, तेही द्या. आधी ती चूक पकडणारी टेस्ट लिहायला सांगा, ती नापास होताना स्वतः पाहा, मग दुरुस्ती करायला लावा. इशारा कसाबसा घालवणं आणि चूक घालवणं यातला फरक तुम्हाला त्या टेस्टमध्ये दिसेल.

रोजच्या कामात स्कॅनर कुठे बसवायचा? पहिली जागा एजंटच्या हाताशी. कोड लिहून झाला की एजंटनेच स्कॅनर चालवावा आणि आलेला निकाल वाचून स्वतःचा कोड सुधारावा, अशी सूचना प्रकल्पाच्या नियमांच्या फाइलमध्ये लिहून ठेवा. ही खरोखर उपयोगी गोष्ट आहे. एसक्यूएलमध्ये चिकटवलेलं नाव, सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या टीएलएस प्रमाणपत्राची बंद केलेली पडताळणी, पासवर्डसाठी वापरलेली एमडी५ ही जुनी, कमकुवत पद्धत या चुका तिथल्या तिथे निघतात, आणि तुमच्या मुलांसमोर येतो तो धुतलेला कोड. दुसरी जागा कमिटच्या, म्हणजे बदल इतिहासात नोंदवण्याच्या, आधीची. पण तिच्यावर विसंबू नका, कारण गिट या कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात 'नो-व्हेरिफाय' असा एक पर्याय दिला की ही तपासणी टळते, आणि एजंटला तो पर्याय ठाऊक असतो. म्हणून तीच तपासणी तिसऱ्यांदा सर्व्हरवर, कोड मुख्य शाखेत मिसळण्याआधी चालवा. तिथे ती पार केल्याशिवाय मिसळताच येऊ नये. स्कॅनरची कॉन्फिगरेशन फाइल बदलायची असेल किंवा नवीन 'नोसेक' टाकायचं असेल, तर तुमच्यापैकी एका ठरलेल्या माणसाची मंजुरी लागेल असं करा. पाच जणांत तो माणूस तुम्हीच असा, असं मला वाटतं.

सुरुवात मात्र या सगळ्याच्या आधी, गुपितं शोधणाऱ्या स्कॅनरने करा. गिटलीक्स चालेल. डेटाबेसचा पासवर्ड किंवा एसएमएस सेवेची की एकदा कमिट झाली की फाइलमधून पुसली तरी गिटच्या इतिहासात राहते. सापडली तर पुसत बसू नका, आधी ती की रद्द करून नवी घ्या.

मुलांना हे जाच वाटेल. त्यांना दोन अभ्यास सांगा. २०२१ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी कोपायलट या एआय सहायकाला ८९ प्रसंग देऊन १,६८९ प्रोग्रॅम लिहून घेतले आणि त्यातले सुमारे ४० टक्के असुरक्षित निघाले. प्रसंग मुद्दाम धोक्याचे निवडले होते, त्यामुळे तुमचा ४० टक्के कोड सडका आहे असा अर्थ काढू नका. मॉडेलंही तेव्हापासून बदलली. दुसरा अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ४७ जणांना कामं दिली. ज्यांच्याकडे एआय सहायक होता त्यांनी एकंदरीत कमी सुरक्षित कोड लिहिला, आणि आपला कोड सुरक्षित आहे असं त्यांनाच जास्त वाटलं. स्कॅनर हवा तो हे फसवं वाटणं मोडण्यासाठी.

स्कॅनरला काय दिसत नाही, हे पतसंस्थेच्या कामात सर्वांत आधी समजून घ्या. एक सभासद लॉगइन करतो, ब्राउझरच्या पत्त्यातला खाते क्रमांक एकने वाढवतो आणि शेजाऱ्याचं खातं उघडतं. कोड व्याकरणाने शुद्ध असतो, एकही नियम मोडलेला नसतो, कुठलाही स्कॅनर बहुधा गप्पच राहतो. ओवास्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या, सर्वांत मोठ्या धोक्यांच्या २०२१ च्या यादीत प्रवेश-नियंत्रणातली ही चूक पहिल्या क्रमांकावर आहे. कोणाला काय दिसावं हे तुमच्या संस्थेचे लोक जाणतात, स्कॅनर जाणत नाही. यासाठी प्रत्येक पानाला दोन लॉगइनची टेस्ट लिहा : 'अ' सभासद 'ब'चं खातं मागतो आणि त्याला नकार मिळतो. टेस्ट एआयने लिहिली तरी चालेल. ती कुठे कुठे हवी ते मात्र तुम्ही ठरवा.

खर्चाचं सांगायचं तर बँडिट, गिटलीक्स, बाहेरून घेतलेल्या तयार पॅकेजांतले माहीत असलेले दोष शोधणारं पिप-ऑडिट आणि सेमग्रेपची सामुदायिक आवृत्ती फुकट आहेत. कोडक्यूएल हे आणखी एक तपासणीचं साधन खुल्या प्रकल्पांना मोफत मिळतं, खासगी कोडला परवाना लागतो. तुम्हाला सध्या त्याची गरज नाही. बसवायला एक माणूस, एक-दोन दिवस. नंतर रोजचा अर्धा तास इशारे वाचायला ठेवा, आणि तो अर्धा तास कामाच्या वेळातच मोजा.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एआयने प्रोजेक्टसाठी एक पायथन पॅकेज सुचवलं. इन्स्टॉल करायला गेले तर असं पॅकेजच नाही असा संदेश आला. मैत्रीण म्हणाली, वाचलीस. ती असं का म्हणाली? नंतर पिप-ऑडिट चालवलं असतं तर पुरलं नसतं का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : मैत्रिणीचं बरोबर आहे. भाषेची मॉडेलं कधीकधी अस्तित्वात नसलेल्या पॅकेजची नावं देतात, आणि ती नावं खरी वाटतात. २०२५ मध्ये सादर झालेल्या एका अभ्यासात १६ मॉडेलांकडून ५,७६,००० कोडचे नमुने घेतले होते. सुचवलेल्या पॅकेजांपैकी सुमारे एक पंचमांश खोटी निघाली. व्यापारी मॉडेलांत हे प्रमाण सरासरी ५ टक्क्यांच्या आसपास होतं, खुल्या मॉडेलांत २१ टक्क्यांहून जास्त. खरी काळजी पुढे आहे. ज्या प्रश्नांवर खोटी नावं आली तेच प्रश्न पुन्हा १० वेळा विचारले, तेव्हा ४३ टक्के खोटी नावं दहाही वेळा आली. म्हणजे उद्या कोणतं खोटं नाव येईल याचा अंदाज बांधता येतो. कुणीतरी ते नाव आधीच नोंदवून त्यात घातक कोड ठेवतो आणि वाट बघतो. या प्रकाराला स्लॉपस्क्वॉटिंग म्हणतात. तू इन्स्टॉल करायला गेलीस तेव्हा ते नाव अजून कुणी घेतलेलं नव्हतं.

पिप-ऑडिट पुरलं नसतं. ते तुझी पॅकेजं माहीत असलेल्या दोषांच्या यादीशी ताडून बघतं. काल रात्री चढवलेलं घातक पॅकेज त्या यादीत नसतं. शिवाय पायथनचं पॅकेज इन्स्टॉल होतानाच त्याच्यातला कोड चालू शकतो, मग नंतरच्या तपासणीला उशीर झालेला असतो. म्हणून तपासणी इन्स्टॉलच्या आधी, आणि ती तू करायची. पायपीआय या पायथन पॅकेजांच्या भांडारात त्या नावाचं पान उघड. पहिली आवृत्ती कधीची आहे? मूळ कोडचा दुवा आहे का, आणि तो खरंच त्याच प्रकल्पाकडे जातो का? प्रसिद्ध पॅकेजच्या नावात एखादं अक्षर इकडेतिकडे झालेलं नाही ना? प्रोजेक्टमध्ये ठरलेल्या आवृत्त्या हॅशसकट (फाइलच्या ठशासकट) नोंदव आणि पिप या इन्स्टॉल करणाऱ्या साधनाला हॅश जुळल्याशिवाय काही घेऊ नकोस असं सांग. एजंट वापरत असशील तर त्याला स्वतःहून इन्स्टॉल करायची परवानगी देऊ नकोस, दर वेळी विचारू दे. मैत्रिणीला माझा नमस्कार सांग.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो आहे आणि एका पतसंस्थेचा संचालक आहे. आमचा सॉफ्टवेअरवाला म्हणतो, 'आम्ही स्कॅन करतो, चिंता नको.' मला कोड कळत नाही. मी त्याला काय विचारावं?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपण बँकेत ऑडिट पाहिलं आहे, तीच नजर इथे लागते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सभासदांच्या माहितीची जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्या संस्थेची आहे, काम बाहेर दिलं तरीही. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे, तेव्हा विचारायला हीच वेळ योग्य.

'स्कॅन करता का' असं विचारू नका, उत्तर 'हो'च येईल. तीन गोष्टी मागा. मागच्या महिन्यात स्कॅनरमुळे थांबलेल्या एका बदलाची नोंद दाखवा. काहीच थांबलेलं नसेल तर स्कॅनर कुठे बसवला आहे ते समजून घ्या. दुसरी, गप्प केलेल्या इशाऱ्यांची यादी : प्रत्येकापुढे कारण, तारीख आणि सही करणाऱ्याचं नाव. बँकेत आपण अपवादाची नोंदवही ठेवायचो, तशीच. आणि तिसरी, मागायची नाही, करून बघायची. पुढच्या सभेत दोन संचालकांनी आपापल्या मोबाइलवर लॉगइन करावं. सॉफ्टवेअरवाल्याला समोर बसवून एकाच्या लॉगइनमधून दुसऱ्याचं खातं उघडायचा प्रयत्न करायला सांगा. उघडलं, तर त्या दिवशीचे बाकीचे विषय पुढच्या सभेवर ढकला.