मार्केट पडलंय, टार्गेट तेच आहे, पोरं सोडून चाललीत. सेल्स टीम कशी सांभाळावी?

तुम्ही लिहिलंय की परभणी-हिंगोलीत पंप-पाईपची सहा पोरांची टीम आहे, सोयाबीनला भाव नाही म्हणून धंदा थंड आहे, वरून टार्गेट रुपयानं कमी होत नाही आणि दोघांनी राजीनामे दिलेत. मी याच धंद्यात लातूर-बीड पट्टा बरीच वर्षं सांभाळला. आधी माझी चूक सांगतो.

२०१५ चा खरीप हातचा गेला होता. तरी मार्च २०१६ ला आकडा गाठायचा म्हणून मी पोरांना डीलरच्या गळ्यात माल घालायला लावला. ‘आत्ता बिल होऊ द्या, नाही खपलं तर परत घेऊ’, सगळं तोंडी. टार्गेट झालं, शाबासकीही मिळाली. एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायला लागलं. बोअर कोरडे पडल्यावर पंप घेणार कोण? जूनमध्ये अहमदपूरकडच्या एका दुकानदारानं मला गच्चीवर नेलं. आमचे पाईप उन्हात पडून एका अंगानं पांढरे पडले होते. “साहेब, हा तुमचा मार्च,” एवढंच म्हणले. चहा मात्र पाजला. कंपनीनं तोंडी शब्द मानला नाही. ज्या पोराच्या तोंडून तो शब्द गेला होता, तो त्या रस्त्यानं जाईनासा झाला आणि दिवाळीआधी नोकरी सोडून गेला. दुष्काळ निमित्त, तो गेला माझ्यामुळं.

त्यानंतर सकाळच्या फोनवर ‘आज किती बिल?’ विचारणं मी सोडलं. ‘काल कुणाच्या दुकानातून काय खपलं?’ एवढंच विचारायचो. प्रत्येकाच्या वहीत तीन गोष्टी: डीलरकडं पडून असलेला माल, आपली उधारी किती दिवसांची, आणि त्याची स्वतःची गावात अडकलेली उधारी. ही तिसरी गोष्ट पोरं कधीच विचारत नाहीत, आणि खरी गोम तिथंच असते. शेतकऱ्याकडं अडकलेला पैसा सुटल्याशिवाय डीलर तुम्हाला देणार कुठून?

म्हणून बीट, म्हणजे पोरांचा दुकानं फिरायचा ठरलेला रस्ता, पैशाच्या मागं फिरवा. सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीला येतो, तुरीचा, हरभऱ्याचा उन्हाळ्याच्या तोंडाला. तुमच्याकडं तर वसमत-हिंगोलीची हळद आहे, मानवत-सेलूचा कापूस आहे, कारखान्याच्या पट्ट्यात उसाचं बिल आहे. सगळीकडं एकाच महिन्यात मंदी नसते. सगळ्या तालुक्यांना सारखं टार्गेट वाटून देणं सोपं पडतं, पण त्यानं कोरड्या तालुक्यातला पोरगा विनाकारण मरतो.

दुसरं, मंदीत शेतकरी नवा पंप घेत नाही, जुनाच रिवाइंडिंगला टाकतो, म्हणजे जळलेल्या मोटरची तार नव्यानं गुंडाळून घेतो. आमची पोरं मग रिवाइंडिंगवाल्यांकडं बसायला लागली. वायंडिंग वायर, कपॅसिटर, स्टार्टर असा बारीकसारीक माल निघाला. शिवाय कुणाची मोटर तिसऱ्यांदा जळली, म्हणजे आता नवी घ्यावीच लागणार, हे त्या माणसाइतकं कुणालाच माहीत नसतं.

२०१६ ला पाऊस झाला, मांजरा धरण भरलं, आता धंदा उठणार म्हणलो, तर ८ नोव्हेंबरला नोटबंदी. आठवड्याभरात जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायची बंदी झाली, आणि आमच्या शेतकऱ्यांची खाती तिथंच. त्या दोन महिन्यांत मी पोरांकडं विक्री मागितलीच नाही. दुकानात जा, बसा, पैसे कधी देणार ती तारीख घ्या, एवढंच काम. वर बोलणी खाल्ली. ती खाली पोचवायला व्हॉट्सअ‍ॅप पुरतं, त्यासाठी लीडर लागत नाही. साहेबांना तालुकावार आकडे कागदावर दाखवा. ऐकतीलच असं नाही, पण वसुलीवर थोडा इन्सेंटिव्ह मिळाला तरी पुष्कळ.

आणि टीए-डीए, म्हणजे प्रवासाचा नि रोजचा भत्ता. पोरं टार्गेटपेक्षा याला जास्त वैतागतात. स्वतःच्या खिशातून पेट्रोल टाकायचं आणि बिल दोन-दोन महिने सहीविना पडलेलं. पाच तारखेच्या आत सह्या करत चला, बाकी काही जमो न जमो.

राजीनामा दिलेल्या दोघांची नोटीस संपायच्या आत एकेक दिवस त्यांच्या गाडीवर मागं बसा. भाषण नको. कुठल्या दुकानापुढून पोरगा गाडी जोरात काढतो तेवढं बघा. तिथं उतरा, त्याला टपरीवर थांबवा आणि आत एकटे जा.