जुनी यामाहा आरएक्स 100 थोडं अंतर गेली की बंद पडते, जरा थांबलं की सुरू होते. टाकी फुल असताना त्रास जास्त. डुप्लिकेट कार्बुरेटर बसवायचा सल्ला मिळालाय. बदलावा का?

नाही. मूळ मिकुनी कार्बुरेटर भंगारात देऊन डुप्लिकेट बसवायचा सल्ला ज्याने दिला, त्याच्याकडे गाडी परत नेऊ नका.

टाकी फुल असताना जास्त त्रास होतो, असं तुम्हीच लिहिलंय. मग आधी टाकीचं झाकण बघा. त्यातलं हवेचं भोक बुजलं की पेट्रोल उतरेल तशी टाकीत पोकळी होते आणि धार थांबते. भरल्या टाकीत वर हवाच कमी, म्हणून हे लवकर होतं. गाडी उभी राहिली की फटीफटीतून हवा शिरते आणि किक लागते.

आमच्या बाबांच्या आरएक्सला भाऊजींनी हौसेनं बाजारातलं चकचकीत झाकण बसवलं होतं. ओंकारेश्वरहून इंदूरला परतताना बडवाहला टाकी फुल केली आणि भेरूघाटाच्या चढावर गाडी गचके देत बंद. चोक ओढला (त्याने मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं) की थोडी पुढे जायची, म्हणजे पेट्रोलच कमी पडत होतं. मागे बसलेले भाऊजी म्हणे, "कार्बुरेटरच!" त्याआधी त्यांच्याच मेकॅनिकची कार्बुरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जाण्याच्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यात, तार घालून झाली होती. (पितळ मऊ असतं हो, भोक मोठं होतं. हवा मारा, तार नको.) मी झाकण उघडलं तर सूंऽऽ करून हवा आत! लगेच किक मारली, लगेच सुरू. भाऊजींचं मात्र एकच, "थंड झाली म्हणून लागली." एवढ्यात कसली थंड होते? पुढे जुनं झाकण लावून त्याच घाटात भर मे महिन्यात गाडी नेली, एकदाही अडली नाही. तरी इंदूरच्या लोकमान्य नगरात चार पाहुणे जमले की ते आजही कार्बुरेटरचीच कथा सांगतात.

झाकण ठीक निघालं तर टाकीखालच्या पेट्रोल कॉकची जाळी आणि टाकीतला गंज बघा. नळी काढून पेट्रोल बाटलीत सोडा, झाकण लावूनच, आणि इंजिन गार असताना. धार बारीक होत गेली तर दोष वरच, टाकीकडे आहे. तोवर गाडी ताणू नका, पेट्रोल कमी पडलं की टू-स्ट्रोकचा पिस्टन जाम होतो.

धार चांगली असूनही बंद पडत असेल, तर गरम झाल्यावर प्लगला ठिणगी येते का बघा, ठिणगीची इग्निशन कॉइल गेलेली असू शकते. तसं निघालं तर भाऊजींचं 'गरम' खरं, पण कार्बुरेटर तरीही नाहीच.