अंड्याचं कवच टणक असताना घाण पाण्याचा परिणाम आत कसा होईल?

तुम्ही लिहिलंय की शेतातल्या टिटवीची अंडी सलग दुसऱ्या वर्षी उबली नाहीत, बांधाला लागून सांडपाण्याचा ओढा आहे, आणि प्रदूषणाने कवच पातळ होतं म्हणतात ते हेच का. शेवटी विचारलंय, "पण कवच तर टणक असतं, घाण आत कशी जाणार?" हे शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो. आमचा अण्णा, म्हणजे थोरला भाऊ, गेली कित्येक वर्षं मला हेच ऐकवतोय.

घाण आत जाते. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. आतलं पिल्लू त्यातूनच श्वास घेतं, आतली वाफ त्यातूनच बाहेर पडते. हवेला वाट आहे म्हटल्यावर सांडपाण्यातल्या तेलालाही आहे.

आमचं शिवार बेळगावात वडगावच्या बाजूला, बळ्ळारी नाल्याच्या कडेला. पावसाळ्यात भात, मग मसूर, आणि पाणी असेल त्याची उन्हाळी भाजी. मी प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी केलं आणि नोकरीला लागलो, शेत अण्णाच बघतो. 2017 च्या एप्रिलमध्ये मसूर काढलेल्या मोकळ्या रानात टिटवीने चार अंडी घातली. घरटं कसलं, चार खडे गोळा केलेला खळगा. चारही अंड्यांची निमुळती टोकं आत, मातीच्या रंगावर काळे डाग, दोन पावलांवर उभं राहूनही दिसेनात. मी चार बाजूंना काठ्या रोवून लाल चिंधी बांधली, तिथे कुणी औत घालू नये म्हणून. अण्णाने ते ऐकलं, हे कबूल करायला हवं.

रोज सकाळी कामावर जायच्या आधी आणि रविवारी भर दुपारी मी बांधावरच्या आंब्याखाली दुर्बीण घेऊन बसायचो. उन्हं तापली की टिटवी अंड्यांवर बसत नाही, पाय ताठ करून नुसती सावली धरून उभी राहते. मग जोडीदार येतो, ही उडते, पाण्यात पोट बुडवते, पिसं निथळत परत येते आणि ती ओली पिसं अंड्यांवर टेकवते. अंडी थंड ठेवायची तिची हीच रीत. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, आणि पाणी स्वच्छ होतं तोवर बिनचूक.

आमच्याकडे जवळचं पाणी म्हणजे नाला. त्यात शहराचं सांडपाणी येतं. त्या वर्षी पाणी आटलेलं, वर तेलाचा तवंग, उन्हात इंद्रधनुष्यासारखा चमकणारा. टिटवी त्यातच पोट बुडवून यायची. दुसऱ्या आठवड्यात तिच्या छातीखालची पांढरी पिसं करडी आणि चिकट दिसायला लागली, पिसाचे पदर एकमेकांना धरलेले. अंड्यांवर धूळ बसून चिकटलेली.

टिटवीचं अंडं साधारण 28 दिवसांत उबतं. ही 41 दिवस बसली. त्यानंतर एक दिवस दोघंही आली नाहीत. मी एक अंडं फोडून पाहिलं. वास यायचा तो आलाच. आत करंगळीच्या पेराएवढा जीव, डोळ्याचा काळा ठिपका मोठा, चोच नुकती धरलेली. म्हणजे बीज फळलं होतं, वाढही सुरू झाली होती, आणि पहिल्या दहा-बारा दिवसांतच थांबली होती.

अण्णा म्हणाला, "उन्हानं भाजलीत ती. अंडं म्हणजे दगड रे, दगडात तेल शिरतंय काय?"

त्या संध्याकाळी मी आईच्या गावठी कोंबडीचं अंडं आणलं आणि पातेल्यातल्या गरम पाण्यात सोडलं. बोथट टोकाकडून बारीक बुडबुड्यांची रांग वर यायला लागली. आतली हवा तापून फुगते आणि कवचातून बाहेर पडते. अण्णाने बघितलं आणि म्हणाला, पाणी तापलं की बुडबुडे येतातच. मग दुसऱ्या पातेल्यात नुसतं पाणी तेवढंच तापवून ठेवलं. बुडबुडे नाहीत. तो उठून गोठ्याकडे गेला. विषय तिथे संपायला हवा होता, संपला नाही.

आणि ही गोष्ट माझ्या डोक्यातली नाही. अमेरिकेत कॅनडा हंसांची संख्या आवरायला त्यांच्या अंड्यांवर मक्याचं तेल चोपडतात. छिद्रं बुजतात, आतला जीव गुदमरतो, आणि मादीला काहीच न कळल्याने ती बसून राहते. आमची टिटवी 41 दिवस बसली होती. खनिज तेल तर त्याहून वाईट, ते नुसतं छिद्रं बुजवत नाही, आत जाऊन विषारी ठरतं, आणि कोवळ्या गर्भाला त्याचे अगदी थोडे थेंब पुरतात. समुद्रात तेल सांडलं की पाणपक्षी पोटाच्या पिसांवरून ते अंड्यांपर्यंत नेतात, त्यावर पुष्कळ काम झालंय.

कवच पातळ होण्याचं तुम्ही ऐकलंय ते वेगळं प्रकरण. तिथे विष बाहेरून येत नाही, आईच्या खाण्यातून येतं. कोंबडीचं अंडं शरीरात तयार व्हायला 24 ते 26 तास लागतात, त्यातले वीसेक तास नुसतं कवच चढण्यात जातात. एका अंड्याला साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम लागतं आणि मादी ते खाण्यातून नि स्वतःच्या हाडांतूनही काढते. डीडीटी हे कीटकनाशक शरीरात गेलं की त्याचं डीडीई होतं, ते कवच चढवणाऱ्या ग्रंथीत कॅल्शियम पोचू देत नाही. 1967 मध्ये ब्रिटनचे पक्षी-अभ्यासक डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्रहातली जुनी अंडी काढून तपासली, तर बहिरी ससाण्याची कवचं 1947 च्या सुमारापासून पातळ झालेली निघाली. आई बसली की अंडं तिच्याच वजनाने फुटायचं. हे शिकारी आणि मासे खाणाऱ्या पक्ष्यांत जास्त, कारण विष एकाच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात जाताना साठत जातं. भारतात शेतीतलं डीडीटी 1989 मध्ये बंद झालं. लहानपणी मलेरियावाले घरात तेच फवारून दारामागे तारीख लिहून जायचे, ती पांढरी भुकटी भिंतीवरून आम्ही बोटाने पुसायचो.

तुमच्या टिटवीची अंडी आख्खी राहिली आणि उबली नाहीत, म्हणून मला कवचापेक्षा पाण्याचा संशय जास्त येतो.

करायचं काय? घरट्यापासून तीस-चाळीस पावलांवर पसरट घमेलं जमिनीत थोडं रुतवून ठेवा, विहिरीच्या पाण्याने रोज भरा. पाणी बोटभर खोल पुरे, त्यात दोन दगड टाका. आम्ही 2018 मध्ये ठेवलं आणि चारांपैकी तीन पिल्लं निघाली. अण्णा म्हणतो त्या वर्षी ऊनच कमी होतं.

आता थोडं त्याच्याही बाजूचं सांगतो. एका घरट्यावरून काही सिद्ध होत नाही. उन्हाने अंडी मरतातच, म्हणून तर पक्षी पोट भिजवतो. शेजारच्या भाजीवर फवारणी झाली असेल तर आई बिथरून तासभर उठून राहते, तेवढंही पुरतं. कुत्री नाचली असतील. शिवाय मी अंडं फोडलं तसं तुम्ही करू नका, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते बसत नाही, मला तेव्हा माहीत नव्हतं.

पुढच्या खेपेला पहिलं अंडं दिसलं ती तारीख लिहून ठेवा, टिटवी कुठल्या पाण्यात पोट बुडवते ते दुपारी एकदा बघा, आणि पस्तिसाव्या दिवशीही ती बसलेलीच असेल तर इथे कळवा. पोटाची पिसं पांढरी आहेत की करडी तेही लिहा. अण्णाला वाचून दाखवीन.