पोर्टसमोरचं नाव खरं मानायचं का?

प्रश्न : दादा, मी अंधेरीला एका छोट्या ऑफिसचं लिनक्स सर्व्हर बघतो. एसएस कमांड (सर्व्हरवर कुठले पोर्ट चालू आहेत ते दाखवणारी) मारली की एका ठिकाणी 'एचटीटीपी-अल्ट' दिसतं, असलं काही मी टाकलेलंच नाही, व्हायरस आहे का?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : घाबरू नका हो. ते प्रोग्रामचं नाव नाहीच, सिस्टीमला फक्त ८०८० हा पोर्टचा, म्हणजे नेटवर्कवरच्या दाराचा, आकडा दिसतो आणि ती ईटीसी फोल्डरमधल्या सर्व्हिसेस नावाच्या फाइलमध्ये बघून त्या आकड्यासमोरचं नाव छापते, बस. सोसायटीच्या पाटीवर नाव जोशींचं आणि आत भाडेकरू दुसराच, तसं. २२ ला दुरून लॉगिन करायचं एसएसएच, ४४३ ला सुरक्षित वेबसाइटचं एचटीटीपीएस, ६३१ ला प्रिंटिंगचं आयपीपी, ही नावं ठरलेली असतात पण सक्ती कोणावर नाही. आणि त्या फाइलमधून ओळ उडवली म्हणून पोर्ट बंद होत नाही, हे लई जण विसरतात.

खरा कोण बसलाय ते बघायला सुडो लावून (म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्काने) एसएसला टी, एल, एन, पी हे चारही ऑप्शन द्या, एन ने नावाऐवजी आकडा येतो आणि पी ने प्रोग्राम कळतो. बहुतेक कुणीतरी टाकलेलं टॉमकॅट (जावाचं वेब सर्व्हर) निघेल. त्याच ओळीत पोर्टच्या आधीचा पत्ता १२७.०.०.१ (म्हणजे फक्त हेच मशीन) असेल तर बाहेरून कोणी येऊ शकत नाही, ०.०.०.० (म्हणजे मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर) असेल तर मात्र फायरवॉल आजच तपासा.