मंचावर चाळीस मिनिटं, मैदानात तीन दिवस

प्रिय बाळ,

पत्र मिळालं, सोबतची लोकसंगीत महोत्सवाची कार्यक्रमपत्रिकाही पाहिली. शनिवारी दुपारी अडीच वाजता छोटा मंच, चाळीस मिनिटं. रविवारी सकाळी 'कार्यशाळा', आणखी तिघांबरोबर, तासभर. तुझं सगळं पत्र त्या चाळीस मिनिटांवर आहे आणि रविवारबद्दल शेवटी एकच ओळ, "हे काय असतं आणि टाळता येईल का?" म्हणून मी रविवारपासून सुरू करते. टाळू नकोस. माझ्या मते अशा महोत्सवाचा जीव तिथेच असतो.

लोकसंगीताच्या महोत्सवातली कार्यशाळा म्हणजे शिकवणी नव्हे. विषय एक देतात: कामाची गाणी, पाळण्याची गाणी, खलाशांची गाणी, कधी नुसतं 'व्हायोलिन'. चार खुर्च्या, चार माइक आणि बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच भेटणारे चार जण. एकाने गायचं, दुसऱ्याने त्याला धरून आपलं काही काढायचं, बाकीच्यांनी जमेल तशी साथ द्यायची. कॅनडात विनिपेगचा महोत्सव १९७४ पासून भरतो, तिथे दिवसभर हाच प्रकार चालतो. तयारी कशी करायची, तर चार गाणी पक्की घासून नेऊ नकोस. आठ-दहा अर्धी-कच्ची का होईनात, पण जवळ ठेव आणि कुठलं गायचं ते आधीचं गाणं ऐकून ठरव. आधीच्याने मरणावरचं गाणं म्हटलं आणि तू तुझं ठरलेलं लग्नाचं गाणं लावलंस, की तू त्याचं ऐकत नव्हतीस हे समोरच्या शेवटच्या माणसालाही कळतं. साथीला हात घालण्यापूर्वी एक कडवं नुसतं ऐक. सूर कुठला, लय कुठे वळते, कळलं तर हळूच आत शिर. नाही कळलं तर हात मांडीवर ठेव. तुला वाटतं त्यापेक्षा हे फार शोभून दिसतं. सगळ्यांनी एकदम वाजवायला लागायचं आणि बिचाऱ्या गाणाऱ्याचे शब्द बुडवायचे, हा रोग सगळीकडे आहे.

त्या तिघांची नावं पत्रिकेत आहेत. आत्ताच त्यांची ध्वनिमुद्रणं शोधून ऐक.

आता छोट्या मंचाबद्दल. "मोठ्या मंचावर फक्त नावाजलेलेच का?" असं तू विचारलंस. तिकिटं त्यांच्यावर खपतात म्हणून, दुसरं काही नाही. पण या परंपरेत एक वेगळी गोष्टही घडून गेली आहे, ती तुला ठाऊक असावी. अमेरिकेतला न्यूपोर्टचा महोत्सव १९५९ मध्ये सुरू झाला, मध्ये खंडला आणि १९६३ मध्ये नव्याने उभा राहिला, तो ना-नफा तत्त्वावर आणि कलाकारांच्याच मंडळाच्या हाती. त्यांनी ठरवलं की मानधन सगळ्यांना सारखं: ५० डॉलर, वर प्रवास, राहणं, जेवण. त्या वर्षी नावाजलेली गायिका जोन बाएझ होती, गायक-गीतकार बॉब डिलन होता आणि मिसिसिपीच्या खेड्यातून आलेला, सत्तरीला टेकलेला जॉन हर्ट नावाचा शेतमजूरही होता. तिघांना तेवढेच पैसे.

या हर्टकडे जरा नीट बघ. १९२८ मध्ये त्याची थोडी ध्वनिमुद्रणं निघाली, खपली नाहीत आणि तो शेतीकामाला परत गेला. पस्तीस वर्षांनी कुणीतरी त्याच्याच एका गाण्यात आलेलं गावाचं नाव नकाशात शोधत त्याच्या दारात पोचलं आणि त्याच उन्हाळ्यात तो हजारोंसमोर गात होता. माणूस आवाज चढवायचा नाही. गुणगुणल्यासारखं गायचा, बोटं तारांवरून मऊ फिरायची, अंगठा खालची लय अखंड धरून. मैदान मोठं म्हणून आपणही मोठ्याने गायला हवं असं तुला वाटेल, वाटतंच. गाऊ नकोस. लांब पोचवायचं काम माइकचं आहे, तू चार हातांवर बसलेल्या माणसासाठी गा. मोकळ्या हवेत आपला आवाज भिंतीवरून परत येत नाही, त्यामुळे तो आपल्याला पोकळ वाटतो आणि गायक नकळत ओढायला लागतो. दुसऱ्या दिवशी घसा बसतो तो उन्हाने कमी, या ओढण्यानेच जास्त.

दुपारी अडीचचं ऊन मात्र गंमत नाही. तुझ्या गटात गिटार, व्हायोलिन, बासरी आणि कातड्याचं एक वाद्य आहे, म्हणजे चार वाद्यं चार दिशांना जाणार. तारेवर ऊन पडलं की तार लांबते, ताण सुटतो, सूर उतरतो. बासरीचं उलटं. हवा तापली की ध्वनीचा वेग दर अंशामागे सेकंदाला ०.६ मीटरच्या आसपास वाढतो आणि बासरी चढते. कातडं कोरड्या उन्हात ताणून टणक बोलतं आणि संध्याकाळी दव पडायला लागलं की ढिलं पडतं. सावलीत सगळं छान जुळवून उन्हातल्या मंचावर चढलात, की दुसऱ्या गाण्याला गिटार खाली आणि बासरी वर, मध्ये तू. उपाय साधा आहे. वेळेच्या वीस मिनिटं आधी, मंचावर जितकं ऊन असेल तितक्याच उन्हात वाद्यं पेटीबाहेर काढून ठेवायची, त्यांना तापू द्यायचं आणि मग जुळवायचं. बासरीवाल्याला ती चढल्यावर खाली ओढायला फारशी जागा नसते, म्हणून बाकीच्यांनी त्याच्याकडे यायचं. हे कोण ठरवणार यावर मंचावर वाद नको, आधीच बोलून घ्या.

वाद्यं बंद गाडीत ठेवायची नाहीत, पाच मिनिटंसुद्धा. जुन्या पद्धतीच्या व्हायोलिनची जोडणी प्राण्यांच्या सरसाची असते, तो उष्णतेने मऊ पडतो आणि उन्हातल्या गाडीत सांधा उघडायला वेळ लागत नाही. आणखी एक, जे कुणी सांगत नाही: डास पळवायच्या मलमात 'डीट' नावाचं रसायन असेल तर ते हाताला लावून वाद्याला शिवू नकोस. ते पॉलिश खातं, प्लास्टिकही खातं. सनक्रीमचंही जवळपास तसंच. लावायचं ते तळहाताच्या पाठीने लावायचं, मग बोटं साबणाने धुवायची. तासाभराने पुन्हा लावायची वेळ येते तेव्हा हे विसरतं सगळ्यांना.

ध्वनिव्यवस्थेबद्दल तू बरंच काही विचारलंस, त्यातलं निम्मं तिथे लागू नाही. महोत्सवात दोन कार्यक्रमांच्या मध्ये पंधरा-वीस मिनिटं असतात. सभागृहात मिळतो तसा निवांत साउंड चेक होत नाही, फक्त लाइन चेक होतो: प्रत्येक माइक आणि प्रत्येक जॅक चालू आहे ना, इतकंच. बाकीचं जुळवणं पहिल्या गाण्यात होतं. म्हणून पहिलं गाणं असं ठेव ज्यात सगळी वाद्यं सुरुवातीपासून वाजतात आणि ज्याच्या बारकाव्यावर तुझा जीव नाही. तुझं ते संथ, एका तारेवरचं गाणं पहिलं लावायचा हट्ट सोड. तिसरं लाव, तोवर साउंडवाल्याच्या हातात तुम्ही आलेले असाल. कोण कुठे उभं, कुणाला किती माइक, कुणाला डी.आय. बॉक्स (वाद्य थेट ध्वनियंत्रणेला जोडणारी छोटी पेटी), याचा एका पानाचा नकाशा करून दोन आठवडे आधी पाठव आणि छापील प्रत खिशातही ठेव. मॉनिटरमध्ये, म्हणजे आपलं आपल्याला ऐकू यावं म्हणून मंचावर ठेवलेल्या स्पीकरमध्ये, काय हवंय ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे: "मला माझा आवाज आणि थोडी गिटार." सगळ्यांचं सगळं मागितलं की सगळंच घोंघावतं आणि माइकची शिट्टी सुरू होते. साउंडवाल्याचं नाव विचारून घे आणि मंचावरून त्याच्याशी वाकडं बोलू नकोस, कितीही शिट्टी आली तरी.

आता टाळ्यांचं. श्रोत्यांना ठेक्यावर टाळ्या धरायला लावायचा मोह तुला होईल, तुझ्या शेवटच्या गाण्यात तशी जागाच आहे. हिशेब करून बघ. उन्हाळ्याच्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. शंभर मीटरवर उभ्या माणसाला तुझा ठेका पाव सेकंदाहून जरा जास्त उशिरा पोचतो. तो तेव्हा टाळी देतो, ती तुझ्याकडे यायला पुन्हा तेवढाच वेळ. म्हणजे त्याची टाळी तुझ्या कानी अर्ध्या सेकंदापेक्षा उशिरा येते. तुझ्या त्या गाण्याच्या लयीत एक मात्राच अर्ध्या सेकंदाची आहे. मागच्या लोकांची टाळी ऐकून तू लय सावरायला गेलीस की मागे पडशील, ते आणखी मागे पडतील आणि दोन कडव्यांत गाणं चिखलात रुतेल. टाळ्या घे, पण ऐकू नकोस. कान आपल्या तालवाद्यावर आणि डोळे त्याच्या हातावर.

दुपारचे श्रोते उठतात, बसतात, खातात, मुलांच्या मागे धावतात, छत्री उघडतात. मनाला लावून घेऊ नकोस. ते तुला ऐकायला आलेले नाहीत, तीन दिवस गाण्याच्या सोबतीत राहायला आलेत. त्यातले वीस जण थांबले आणि पुढे सरकले तर दुपार सत्कारणी लागली. निवेदन आटोपशीर ठेव. आणि वेळ पाळ. चाळीस मिनिटं म्हणजे अडतीस. जास्तीची पाच मिनिटं तू आयोजकांची घेत नाहीस, पुढच्या गटाची घेतेस, आणि तो गट रविवारी तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसलेला असू शकतो. वन्समोअर आला तरी खाली वाकून नमस्कार कर आणि उतर.

एका बाबतीत मात्र वेळेची काटकसर करायची नाही. प्रत्येक गाण्याआधी ते कुणाकडून आलं ते सांग. तू ज्या म्हातारीकडून ती तीन गाणी घेतलीस, तिचं नाव, तिला चालणार असेल तर, मंचावर उच्चारलं गेलं पाहिजे. 'पारंपरिक' हा शब्द फार सोयीचा आहे आणि त्याच्या आड पुष्कळ चोऱ्या झाल्या आहेत. अमेरिकेत एलिझाबेथ कॉटन नावाची बाई होती. डावखुरी, गिटार उलटी धरायची, खर्जाच्या तारा बोटांनी आणि चाल अंगठ्याने छेडायची. पोरवयात तिने मालगाडीवर एक गाणं रचलं. पुढे ती सीगर या संगीतकार कुटुंबाकडे घरकामाला होती, तिथल्या पेगी सीगरने तिच्याकडून ते शिकून इंग्लंडात गायलं. तिथे दुसऱ्याच दोघांनी ते आपल्या नावावर नोंदवलं आणि १९५७ मध्ये ते तिथे गाजलंही. रचणारी जिवंत होती, साठीच्या घरात होती आणि गाणं परक्याच्या नावावर चाललं होतं. तिचं नाव परत लागायला भांडावं लागलं. पेगीच्या मनात काही वाईट नसणार. पण गाणं हातातून सुटताना त्याच्याबरोबर नाव बांधलेलं नसलं की ते वाटेत कुणीही उचलतं.

गाव सोडून असं बाहेर गाण्याने गावाला काय मिळणार, असं तुझ्या घरचे म्हणतात ना? त्यांना ड्यूई बाल्फाची हकिकत सांग. अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यातल्या फ्रेंच बोलणाऱ्या काजन लोकांचा हा व्हायोलिनवादक. त्यांच्या पोरांना शाळेत आपली फ्रेंच बोलल्याबद्दल शिक्षा व्हायची, त्यांचं गाणं म्हणजे गावंढळपणा समजला जायचा. १९६४ मध्ये न्यूपोर्टला जाणाऱ्या गटात ऐनवेळी एक जागा भरायची होती म्हणून याला नेलं, तेही गिटार वाजवायला. गावाकडच्या वर्तमानपत्राने असल्या लोकांना तिकडे पाठवण्याची टर उडवली होती. हा घरगुती नाचांना वाजवणारा माणूस, दोनशे माणसं एका ठिकाणी कधी पाहिली असतील की नाही याचीच त्याला शंका होती, आणि समोर १७ हजार. त्यांनी यांना मंचावरून उतरू दिलं नाही. बाल्फा परत आला तो हेच ऐकवत. १९६७ मध्ये भावांना घेऊन पुन्हा गेला, शाळांमध्ये जाऊन मुलांसमोर वाजवत राहिला आणि १९७४ मध्ये लाफाएत इथे काजन संगीताचा मोठा सोहळा झाला तेव्हा तो घडवणाऱ्यांत होता. परक्या मैदानात मिळालेली दाद त्याने स्वतःजवळ ठेवली नाही, गावाला नेऊन दिली. तुझ्या त्या म्हातारीला महोत्सवाचं ध्वनिमुद्रण नेऊन ऐकव, फोनवर नव्हे, समोर बसून.

त्यावरून आठवलं. ध्वनिमुद्रण होणारच आहे, आणि त्याचं काय करायचं हे करारात कुठेतरी बारीक अक्षरांत लिहिलेलं असणार. ते कलम शोध. मुद्रण कुणाकडे राहणार, कुठे वापरणार, तुला प्रत मिळणार का, श्रेयनामावलीत गाणं देणारीचं नाव जाणार का. नुसतं "सर्व हक्क आयोजकांकडे" असेल तर विचार, नम्रपणे पण लेखी. बहुतेक आयोजक बदल करून देतात, कुणी विचारतच नाही म्हणून ती ओळ तशीच राहते. मानधन आणि प्रवासखर्च कधी मिळणार तेही त्यातच लिहून घे. सही करण्याआधी एक प्रत मला पाठव, मी दोन दिवसांत वाचून कळवते.

तुझी
ताई