रिक्वायरमेंट्समध्ये पिन करूनही बिल्ड फुटतोय? माझा अनुभव

तुम्ही विचारलंय: रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये (बसवायच्या पायथन पॅकेजेसची यादी) सायथन<3 लिहिलंय (सायथन म्हणजे पायथनसारखा कोड सी भाषेत बदलणारं टूल), तरी पायवायएएमएल (वायएएमएल फाइल्स वाचणारी लायब्ररी) 5.4.1 बसवताना 'सायथन_सोर्सेस'ची एरर येते, आणि सहकाऱ्याच्या मशीनवर मात्र सगळं सुरळीत, असं का? आणि स्वतःच्या पॅकेजमध्ये आवृत्त्यांवर मर्यादा कशा घालाव्यात? वाचून हसूच आलं. 2023 च्या जुलैत सायथन 3.0 आलं तेव्हा आमच्याकडे हेच रामायण झालं होतं.

तुमचा पिन (यादीत ठरवून दिलेली आवृत्ती) बिल्डपर्यंत पोचतच नाही. पिप (पायथन पॅकेजेस बसवणारं टूल) सोर्सवरून व्हील (बसवायला तयार पॅकेज फाइल) बांधताना वेगळं एन्व्हायर्नमेंट उभं करतो आणि त्यात काय टाकायचं ते त्या पॅकेजच्या पायप्रोजेक्ट फाइलमधल्या बिल्ड-सिस्टिमच्या यादीत बघतो. 5.4.1 च्या यादीत नुसतं 'सायथन' आहे, पुढे आकडा नाही. मग बांधाल त्या दिवशीचं नवंकोरं सायथन येणार.

सहकाऱ्याकडे बहुतेक पायथन 3.9 असेल. 5.4.1 ची तयार व्हील्स तिथपर्यंतच आहेत, 3.10 पासून सोर्सवरून बांधावं लागतं. म्हणजे त्याच्याकडे बिल्ड झालाच नसणार.

आमचा खरा वेळ इथेच गेला. क्लायंटकडची पॅकेज मिरर (पॅकेजेसची प्रत ठेवणारा सर्व्हर) सांभाळणारी टीम (नाव घेत नाही) तिकीट बंद करायची: 'आमच्याकडे चालतंय.' लॉग जोडला, तरी बंद. त्यांच्याच लॉगमध्ये 'यूझिंग कॅश्ड' आणि पुढे व्हीलचं नाव स्पष्ट दिसत होतं, म्हणजे साठवलेलंच व्हील वापरलं होतं. 'बिल्डिंग व्हील' ही ओळ तुमच्याकडे कुठे दिसते का, एवढंच बघा म्हटलं, तर उत्तर आलं, प्रॉक्सी सेटिंग तपासा. प्रॉक्सी! असो.

जमत असेल तर सरळ 6.0.2 वर जा, ते सायथन 3 सोबत चालतं. (6.0.1 मध्ये त्यांनी सायथन<3.0 अशी मर्यादा घातली होती.) एखाद्या जुन्या टूलमुळे 5.4.1 लाच चिकटून राहावं लागत असेल, तर कन्स्ट्रेंट फाइलमध्ये (आवृत्त्यांवर मर्यादा घालणारी फाइल) सायथन<3 लिहा आणि तिचा पाथ 'पिप_कन्स्ट्रेंट' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये द्या. कमांडवर दिलेलं '-सी' (कन्स्ट्रेंट फाइल देण्याचा पर्याय) आतल्या बिल्डपर्यंत जात नाही. नव्या पिपमध्ये यासाठीच 'बिल्ड-कन्स्ट्रेंट' पर्याय आलाय, पिप नवा असेल तर तोच वापरा. 'नो-बिल्ड-आयसोलेशन'नेही (वेगळं एन्व्हायर्नमेंट न करणारा पर्याय) भागतं, पण मग सेटअपटूल्सपासून (पॅकेज बांधणारं टूल) सगळं हाताने बसवत बसा.

तुमच्या स्वतःच्या पॅकेजबद्दल विचारलंय म्हणून माझं मत, पटलं तर घ्या. आवृत्तीवर खालची मर्यादा हवीच, आणि ती कारण असलेली. पायप्रोजेक्टमध्ये 'प्रोजेक्ट' टेबल लिहिलंत तर सेटअपटूल्स>=61 लागतं; त्याहून जुन्यावर बिल्ड बिनबोभाट होतो आणि हातात 'अननोन-0.0.0' नावाचं व्हील पडतं. वरच्या मर्यादेवरून इथे नेहमी भांडणं होतात. लायब्ररीच्या रनटाइम डिपेंडन्सीवर (चालताना लागणारी पॅकेजेस) ती घालायला माझा विरोध आहे, पण बिल्डच्या यादीत सायथनसारख्या टूलवर जरूर घाला. ते एन्व्हायर्नमेंट वेगळं असल्यामुळे वापरणाऱ्याच्या बाकीच्या पॅकेजेसशी टक्कर होत नाही. शिवाय एकदा पायपीआयवर (पायथन पॅकेजेसचं सार्वजनिक भांडार) चढवलेली सोर्स फाइल नंतर बदलता येत नाही, म्हणजे तिच्यातली यादी मागाहून दुरुस्त करता येत नाही.

'==' (एकच आवृत्ती ठोकून देणं) मात्र नको. जुन्या सेटअपटूल्सवर खिळून बसलेली कितीतरी पॅकेजेस पायथन 3.12 वर 'इंपइंपोर्टर नाही' (पायथनमधून काढलेला जुना भाग) म्हणत आडवी झाली.

आणि सीआयमध्ये (बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणारी व्यवस्था) कॅश बंद करून, 'नो-बायनरी' (तयार व्हील टाळणारा पर्याय) लावून सोर्सवरून बांधणारा एक जॉब आठवड्यातून एकदा तरी चालवा. लिनक्सवर पायथनच्या हेडर फाइल्स आधी बसवा, नाहीतर त्यावरून वेगळीच एरर येईल.