आधी बाबांना सांग

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. ऑपरेशन झालं, शेक (रेडिएशन) झाले आणि तरीही बाबांचा तोंडाचा कॅन्सर परत आला, हे वाचून फार वाईट वाटलं. एखाद्या क्लिनिकल ट्रायलमध्ये, म्हणजे रुग्णांवर उपचार तपासून पाहणाऱ्या चाचणीत, त्यांना घेतील का, ती शोधायची कुठे, असं तू विचारलंयस. आणि अगदी शेवटी लिहिलंयस की बाबांना अजून काही सांगितलेलं नाही, मानेतल्या गाठीला इन्फेक्शन झालंय एवढंच त्यांना माहीत आहे. तुझे बाकीचे सगळे प्रश्न या एका गोष्टीपाशी अडतात, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

ट्रायलच्या संमतीपत्रावर सही रुग्णाची लागते. मुलाची चालत नाही, बायकोची चालत नाही. रुग्ण शुद्धीवर नसेल किंवा समजून घेण्याच्या स्थितीत नसेल तरच नातेवाइकाने सही करायची. बाबा तर रोज पेपर वाचतात. त्यांच्या हातात मराठीत छापलेलं माहितीपत्रक दिलं जाईल आणि त्यात आजाराचं नाव स्वच्छ लिहिलेलं असेल. मी इतकी वर्षं कॅन्सरच्या ट्रायल्समध्ये कोऑर्डिनेटर म्हणून काम केलं. पेशंटच्या पाठीमागे उभं राहून ‘तो शब्द काढू नका’ अशा खुणा करणारी मुलं, जावई, भाऊ मी खूप पाहिले. त्यांची माया खरी असते. पण ज्याला आजारच ठाऊक नाही त्याची संमती ही संमती नव्हेच, आणि अशी सही कोणी चालवून घेत असेल तर त्या ठिकाणी बाबांना नेऊ नकोस.

शिवाय त्यांना कळलेलं नाही असं तू धरून चाललायस. एकदा शेक घेतलेला माणूस पुन्हा त्याच दवाखान्याच्या चकरा मारतो तेव्हा त्याला पुष्कळ काही कळलेलं असतं. घरच्यांना त्रास नको म्हणून तोही गप्प बसतो. त्यांच्याशेजारी बस आणि आधी त्यांनाच विचार, ‘बाबा, तुम्हाला काय वाटतंय, हे काय असेल?’ ते किती विचारतात तेवढंच सांग, पण खोटं सांगू नकोस. जमलं तर डॉक्टरांसमोर हे बोलणं होऊ दे. ‘मला जास्त खोलात जायचं नाही, तूच बघ’ असं ते म्हणाले तर तेही त्यांचं म्हणणं आहे. मात्र ट्रायलचा निर्णय त्यांच्यापर्यंत जायलाच हवा, कारण सुई त्यांना टोचणार आहे.

आता ट्रायल म्हणजे काय ते नीट समजून घे. डॉक्टरांना ज्याचं उत्तर अजून माहीत नाही असा प्रश्न तिथे विचारलेला असतो. बाबांच्याच आजारातलं उदाहरण देते. तोंडाचा कॅन्सर लवकर सापडला आणि मानेत गाठ लागत नसेल, तर तोंडाच्या ऑपरेशनबरोबर मानेतल्या ग्रंथीही काढाव्यात, की वाट पाहावी आणि गाठ आली तरच काढाव्यात? यावर जगभरचे सर्जन वर्षानुवर्षं दोन गटांत होते. दोन्हीकडे जाणती माणसं होती. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये २००४ पासून याची ट्रायल चालली आणि २०१५ मध्ये ५०० रुग्णांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी ८० टक्के लोक तीन वर्षांनी हयात होते, वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. तो प्रश्न तिथे मिटला. यात कुठलंही नवं औषध नव्हतं. त्या रुग्णांनी सही केली तेव्हा आपल्याला कोणता गट मिळणं चांगलं, हे कोणालाच सांगता आलं नसतं. म्हणून ‘बाबांना नवीन औषधच द्याल ना?’ असं विचारू नकोस. कोणत्या गटात जायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. डॉक्टरांच्या हातात ते नसतं आणि ओळखीने बदलत नाही. तुला विचारायचंय ते हे: नवीन औषध ज्यांना मिळणार नाही त्यांना काय मिळेल? चांगल्या ट्रायलमध्ये त्या गटालाही आजच्या घडीचा योग्य उपचार मिळतो. कॅन्सरमध्ये नुसत्या साखरेच्या गोळीवर रुग्णाला सोडतील ही भीती बहुतेक वेळा खोटी असते, तरी विचारायचंच.

दुसरं उदाहरण बाबांच्या आजच्या स्थितीच्या जवळचं आहे. निवोलुमॅब नावाचं प्रतिकारशक्ती जागवणारं इंजेक्शन पूर्ण डोसमध्ये इतकं महाग आहे की आपल्याकडे बहुतेकांना परवडत नाही. टाटाच्याच डॉक्टरांनी विचारलं, अगदी थोडा डोस दिला तर? परत आलेल्या किंवा पसरलेल्या, पूर्ण बरा करता न येणाऱ्या डोक्यामानेच्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांत त्यांनी ते तपासलं. एका गटाला तोंडाने घ्यायच्या औषधांची केमो, दुसऱ्या गटाला तीच औषधं आणि दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब. वर्षभराने पहिल्या गटातले १६.३ टक्के लोक हयात होते, दुसऱ्यातले ४३.४ टक्के. फरक मोठा आहे. पण दुसऱ्या गटातलेही निम्म्याहून जास्त लोक वर्ष पूर्ण करू शकले नाहीत, हेही त्याच आकड्यात आहे आणि ते तुझ्यापासून लपवणार नाही. ट्रायल शोधण्याआधी बाबांच्या डॉक्टरांना विचार की हा थोड्या डोसचा मार्ग त्यांच्यासाठी आहे का. त्यासाठी आता ट्रायलच हवी असं नाही.

शोधायची कशी? भारतात होणाऱ्या प्रत्येक क्लिनिकल ट्रायलची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत करावी लागते. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, ही नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि इंटरनेटवर कोणालाही फुकट पाहता येते. भाषा इंग्रजी आहे, त्यामुळे ते काम तुझं. आजाराचं नाव घाल आणि ज्यांची भरती सुरू आहे तेवढ्याच नोंदी काढ. प्रत्येक नोंदीत हॉस्पिटलांची यादी असते, तिथल्या प्रमुख डॉक्टरांचं नाव असतं, माहितीसाठी फोन असतो. कोणाला घेणार आणि कोणाला नाही याच्या अटी आधी वाच. आधी कोणती केमो झाली, किडनी-लिव्हर कसं आहे, माणूस स्वतःचं स्वतः करू शकतो का, यावरच पुष्कळ नावं गळतात. मग ती नोंद छापून बाबांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. फाईल एकत्र कर: बायोप्सीचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्डं, शेकाचा हिशेब, स्कॅनच्या सीड्या. बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) आणि स्लाइड ज्या लॅबमध्ये आहेत तिथून मागून घे. यात लोकांचे आठवडे जातात आणि या आजारात आठवडे स्वस्त नाहीत.

एक धोका मात्र लक्षात ठेव. नोंदवहीत नाव आहे म्हणजे सरकारने त्या उपचाराची खात्री दिली असं होत नाही. तिथे फक्त नोंद होते. ‘आमची ट्रायल चालू आहे’ म्हणून स्टेमसेलच्या (मूळ पेशींच्या) उपचारासाठी लाखो रुपये मागणारी दुकानं या देशात आहेत. ज्या औषधाची परीक्षा चालू आहे त्याचे पैसे रुग्णाने द्यायचे नसतात. कोणी मागितले तर तिथून उठ. नेहमीच्या तपासण्यांचा आणि नेहमीच्या औषधांचा खर्च मात्र काही ट्रायल्समध्ये आपल्यावर येतो, विशेषतः कंपनीऐवजी हॉस्पिटलचे डॉक्टरच ट्रायल चालवत असतील तेव्हा. कोणता खर्च कोणाचा, प्रवासभाडं मिळेल का, हे आधीच विचारून लिहून घे.

माहितीपत्रक मिळालं की लगेच सही नको. घरी आणा, बाबांना सावकाश वाचू दे, समासात पेन्सिलने प्रश्न लिहू दे. वारस म्हणून कोणाचं नाव, असा रकाना फॉर्ममध्ये असतो आणि तो पाहून घरातली माणसं हादरतात. तो नियमानेच आहे, प्रत्येकाच्या फॉर्मवर असतो. २०१९ च्या नियमांप्रमाणे ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाईही मिळते; जिवावर बेतलं तर ती वारसाला जाते. पत्रकावर एथिक्स कमिटीचा, म्हणजे ट्रायलमधल्या रुग्णांचे हक्क जपणाऱ्या समितीचा, फोनही असतो. या कमिटीत किमान निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे लागतात आणि त्यात डॉक्टर नसलेला एक साधा नागरिकही असतो. तो फोन रुग्णासाठीच आहे, तो करायला संकोच करू नका. मधेच नको वाटलं तर बाबा केव्हाही बाहेर पडू शकतात, कारण द्यायची गरज नाही, आणि त्यांचा नेहमीचा उपचार त्यामुळे अडवता येत नाही. फक्त औषध परस्पर बंद करायचं नाही, आधी सांगायचं.

सही झाली की तुझं काम वाढेल. तारखा पाळाव्या लागतात. घरात लग्न आहे, वारी आहे म्हणून दोन आठवडे पुढे ढकलता येत नाही. गावाहून मुंबईला दर तीन आठवड्यांनी कोण नेणार ते आत्ताच ठरव. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन, अशा जागी राहण्याची चौकशी आधी करून ठेव. बाबा कोणाकडून काढा, भस्म, होमिओपॅथीच्या पुड्या घेत असतील तर ते डॉक्टरांना सांगायचं. ट्रायलमधून काढतील म्हणून लोक हे लपवतात, मग लिव्हर बिघडलं तर दोष कोणाचा ते कळत नाही आणि पुढच्या रुग्णांपर्यंत चुकीचं उत्तर जातं. तंबाखूची पुडी अजून खिशात असेल तर तेही सांगायचं. आणि कोऑर्डिनेटरचा नंबर बाबांच्या पाकिटात ठेव. रात्री गावातल्या दवाखान्यात ॲडमिट करावं लागलं तर लगेच फोन कर. गंभीर त्रास कळला की २४ तासांत वर कळवणं तिथल्या डॉक्टरांवर बंधनकारक आहे, पण आधी तो त्यांना कळायला हवा.

एक प्रश्न जवळजवळ सगळे विसरतात, तो सहीआधी विचार: ट्रायल संपली आणि औषध बाबांना लागू पडत असेल, तर पुढे ते मिळणार का, आणि कोणाच्या पैशाने?

या शनिवारी गावी जातोयस ना? आधी बाबांशी बोल. मग त्यांची तयारी असेल तर रविवारी सकाळी मला फोन लाव आणि फोन त्यांच्याकडे दे. तुझे प्रश्न मला कळले, आता त्यांचे ऐकायचे आहेत.

तुझी,
मावशी